उतारावरची सोळा मिनिटं

(दहावी १९९५च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात २५ जानेवारी २०२५ रोजी केलेलं मनोगत)

समोर बसलेल्या तुम्हा सगळ्यांना काय म्हणावं हा प्रश्नच आहे. प्रतिज्ञेत ‘सारे भारतीय माझे बांधव आहेत’ आलं की मागच्या बाकावरून ‘एक सोडून’ असा आवाज यायचा. तो आवाज काढणारा आज पहिल्या रांगेत, कोट घालून बसलाय. तेव्हा, मित्रमैत्रिणींनो, एवढंच म्हणते.

संयोजकांनी मला ‘आयटी क्षेत्रातील संधी’ असा विषय दिला होता. मी यादी पाहिली. आपल्यातल्या निम्म्यांची मुलं नोकरीला लागलीत आणि उरलेल्या निम्म्यांना संधीपेक्षा गुडघ्यांची काळजी जास्त आहे. म्हणून विषय बदलून मागितला. मी पळण्याबद्दल बोलणार आहे. पंधरा मिनिटं घेईन. जेवणात गुलाबजाम आहेत हे मला माहीत आहे, आणि धाराशिवचे गुलाबजाम थंड झाले तरी बिघडत नाहीत.

आपल्या तुकडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून तीन वर्षांपूर्वी एक छोटा ग्रुप फुटला, हे तुमच्यातल्या पुष्कळांना माहीत नसेल. कारण सांगते. आपल्यातल्या एकाला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी दोन स्टेंट बसले. तो इथेच आहे, त्याची परवानगी घेतली आहे. त्या आठवड्यात मुख्य ग्रुपवर ‘काळजी घ्या रे’ असे साठ-सत्तर मेसेज आले आणि मग पुन्हा सुप्रभातची फुलं सुरू झाली. आम्ही अकरा जणांनी मात्र ठरवलं की रोज निदान अर्धा तास पाय हलवायचे आणि रविवारी किती पळलो ते खरं खरं लिहायचं. माझं स्वतःचं कारणही होतं. रक्त तपासलं तेव्हा एचबीएवनसी ६.२ आली होती. साडेसहाला मधुमेह म्हणतात. आमच्या घरात वडील, काका, आत्या, सगळ्यांच्या फ्रिजमध्ये इन्सुलिन. मला पुढचा रस्ता दिसत होता.

अकरातले चार जण टिकलो. आम्ही हौशी मंडळी. म्हणजे ज्यांना पळायचे पैसे मिळत नाहीत, उलट भरावे लागतात. पैसे भरायचे, पहाटे उठायचं, छातीवर नंबर लावायचा, हजारो लोकांबरोबर पळायचं, आणि पहिला येणारा अंघोळ करून नाश्ता उरकतो तेव्हा आपण पोचायचं. पण नंतर आमची जी चर्चा चालते ती ऐकलीत तर वाटेल की ही माणसं ऑलिंपिकहून आलीत.

गेल्याच रविवारचं उदाहरण घ्या. १९ तारखेला मुंबईची मॅरेथॉन झाली. आपला उमरग्याचा खत-बियाण्याचा दुकानदार तिथे अर्धी मॅरेथॉन पळाला. तीन तास चार मिनिटं. २००४ पासून ही मॅरेथॉन होते. एरवी वांद्रे-वरळी सागरी सेतूवर पायी जाता येत नाही, त्या दिवशी मात्र माहीमहून निघून त्यावरून पळत जाता येतं. याने सेतूवर सहा मिनिटं थांबून फोटो काढले. पुढे पेडर रोडचा चढ लागतो. सगळे त्याला घाबरतात. याचं म्हणणं, ‘चढ कसला, आपल्या नळदुर्गाच्या बुरुजाला याहून जास्त पायऱ्या आहेत.’ मग तीन तास चार मिनिटं का लागली? तर त्या रस्त्यावर राहणारी माणसं सकाळी खाली उतरून पळणाऱ्यांना संत्री, चिक्की, मीठ लावलेली काकडी देतात, आणि आपल्या मित्राने एकालाही नाही म्हटलं नाही. ‘एवढ्या सकाळी प्रेमाने देतात, नाही कसं म्हणायचं?’ असं त्याने ग्रुपवर लिहिलं. त्याचा निकाल मला फार आवडतो, कारण त्याला त्याचं काहीच दुःख नाही. माझं तसं नाही.

आता माझा निकाल. स्पर्धा साताऱ्याची, गेल्या सप्टेंबरातली.

साताऱ्याची हिल मॅरेथॉन २०१२ साली सुरू झाली. अंतर अर्ध्या मॅरेथॉनचं, २१.१ किलोमीटर. पोलीस परेड ग्राउंडवरून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने वर जायचं आणि वळून तसंच खाली यायचं. त्या दिवसांत घाट हिरवागार असतो, धुकं असतं, भुरभुर पाऊस असतो. सातारकर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ढोल-ताशे घेऊन उभे असतात. ललिता बाबर याच जिल्ह्यातली, माण तालुक्यातल्या मोहीची. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठून दहावी आलेली. तिथल्या म्हाताऱ्या बायकासुद्धा पळणाऱ्या बाईकडे ‘ही कुठं निघाली?’ अशा नजरेने बघत नाहीत. सांगतात, ‘खांदे सैल सोड गं.’

२०२३ साली मी तिथे पहिल्यांदा पळाले. दोन तास एक्केचाळीस मिनिटं. वर जायला एक तास सत्तावीस, खाली यायला एक तास चौदा. २०२४ साठी मी ठरवलं की अडीच तासांच्या आत यायचं. कार्यालयात प्रकल्पाचं नियोजन करतो तसं केलं. तक्ता, आठवड्याचे टप्पे, नाडीचे आकडे. हिंजवडीहून रात्री आठला घरी यायचं आणि सोसायटीच्या जिममध्ये ट्रेडमिलला चढ लावून पळायचं. पाच टक्के, सहा टक्के, आठ टक्के. चार महिने.

निकाल: दोन तास बावन्न मिनिटं. अकरा मिनिटांनी वाईट.

आमच्या धंद्यात सर्व्हर बंद पडला की दुसऱ्या दिवशी सगळे बसून कारण शोधतो. नियम असा की कोणाला दोष द्यायचा नाही, काय घडलं ते क्रमाने मांडायचं. मी घरी येऊन तेच केलं. वर जायला एक तास बावीस, म्हणजे आधीपेक्षा पाच मिनिटं लवकर. खाली यायला दीड तास. उतारावर सोळा मिनिटं गेली! चढावर कमावलेली पाच आणि वर अकरा.

उतारावर कोणी हरतं का? तर हो. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना वजन तोलून धरतो, म्हणजे प्रत्येक पावलाला ब्रेक लावतो. यात दम लागत नाही, म्हणून सोपं वाटतं. पण स्नायूच्या तंतूंना बारीक इजा यातच जास्त होते. गड चढून आल्यावर दुसऱ्या दिवशी जिना चढताना नव्हे, उतरताना रडू येतं, ते याचमुळे. आणि गंमत म्हणजे शरीर हे फार लवकर शिकतं. एकदा उतारावर पळून मांड्या दुखल्या की पुढच्या वेळी तेवढ्याच उताराला कमी दुखतात, काही आठवडे तरी. फक्त आधी एकदा उतारावर पळालेलं असावं लागतं. आमच्या सोसायटीच्या ट्रेडमिलला चढ आहे, उतार नाही. चार महिने मी फक्त चढायचा सराव केला होता. वर जायची तयारी करायची आणि खाली यायचं आहे हे विसरायचं, हे इंजिनिअर लोकांना शोभतं.

अठराव्या किलोमीटरला दोन्ही मांड्यांत गोळे आले. मी रस्त्याकडेला दगडावर बसले. आणि वरून ती येताना दिसली.

ती म्हणजे आपली वर्गमैत्रीण. आज समोर बसली आहे. ‘नाव घेतलंस तर उठून जाईन’ अशी धमकी दिली आहे, म्हणून नाव घेत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. ती इथेच धाराशिवला असते, डब्यांचा व्यवसाय करते. रोज तीस-पस्तीस डबे. चारला उठते, कणीक मळून ठेवते, पाचला पळायला जाते, सहाला परत येऊन पोळ्यांना बसते. साताऱ्याची ही तिची पहिलीच स्पर्धा. स्पर्धेत मिळालेला टी-शर्ट, खाली सलवार, आणि मुलाने पहिल्या पगारातून घेऊन दिलेले बूट. हातात घड्याळ नाही.

आम्ही दोघी एकत्र पळायचं ठरवून गेलो होतो. साताऱ्याला एकाच खोलीत झोपलो. झोपलो म्हणजे पडलो. पहाटे चारला उठायचं होतं आणि मी गजर चारच्या आत कधी लावत नाही. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट आपल्या जिल्ह्यातला कोण विसरेल? आदल्या दिवशी गणपती बोळवून दमून झोपलो होतो, आणि तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी भांडी खाली आली. त्या खोलीत अंधारात तिने विचारलं, ‘तुला पण चारच्या आधी जाग येते का?’ मी म्हटलं, येते. मग दोघी काही बोललो नाही. सास्तूरला तिचं आजोळ होतं.

सांगत काय होते, तर एकत्र पळायचं ठरलं होतं. आणि मी दुसऱ्याच किलोमीटरला पुढे निघून गेले. ती हळू पळत होती, माझ्या मनगटावरचं घड्याळ लाल आकडे दाखवत होतं. मी म्हटलं, ‘वर भेटू.’ ती म्हणाली, ‘जा की.’

वर जायला तिला एक तास तेहेतीस मिनिटं लागली. माझ्या अकरा मिनिटं मागे. आणि खाली यायला एक तास पंधरा. मी विचार केला, पहिल्याच वेळी हे पाय आले कुठून? मग लक्षात आलं. हातलाईचा डोंगर. आठवड्यातून दोनदा ती त्याच्या तीन फेऱ्या करते. चढायची तेवढीच उतरते, कारण तिथे लिफ्ट नाही. आणि दुसरं म्हणजे कोजागिरी. बारा वर्षं ती दर अश्विन पौर्णिमेला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाते. पंचेचाळीसेक किलोमीटर. मॅरेथॉन बेचाळीस किलोमीटर एकशे पंच्याण्णव मीटर असते, म्हणजे त्याहून जास्तच. रात्रभर चालायचं, तामलवाडी मागे टाकायची, पाय सुजलेले असताना शेवटी घाट चढायचा आणि मग दर्शनाच्या रांगेत उभं राहायचं. कितीतरी बायका हे अनवाणी करतात, कर्नाटकातूनही येतात. रस्त्याकडेला लोक चहा, केळी, फराळ देतात, पायांना तेल लावून देतात. माझी आई नऊ वेळा गेली. मी तिला कधी विचारलं नाही की आई, तुला किती तास लागले. पुण्यात मी दहा किलोमीटर पळाले की अख्ख्या मजल्याला कळतं.

तर मी दगडावर बसलेली आणि ती समोर. म्हणाली, ‘काय झालं गं?’

‘गोळे आलेत. तू जा.’

‘थांब, पाय दाबून देते.’

‘काही नको. जा तू. थांबलीस तर मारीन.’

तिने माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं. आणि गेली. वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत मी बघत होते. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. दोन तास अठ्ठेचाळीस मिनिटं. माझ्या चार मिनिटं आधी.

मला त्या दगडावर बसून इतकं बरं वाटलं की शेजारच्या स्वयंसेवक मुलाला वाटलं, मला चक्कर येतेय. बरं का वाटलं ते सांगायचं तर १९९४ मध्ये जावं लागेल. आणि ही गोष्ट मला याच शाळेत, तुमच्यासमोर सांगायची होती.

आपण दहावीत होतो. जिल्हा स्पर्धेत मुलींच्या आठशे मीटरमध्ये ती पहिली आली. दुसरी मी. टाळ्या नकोत. तिच्या आणि माझ्यात साठ-सत्तर मीटरचं अंतर होतं, आणि माझ्या मागच्या दोघी मध्येच थांबल्या म्हणून मी दुसरी. पहिल्या दोघी विभागीय स्पर्धेला जाणार होत्या. तेव्हाच्या औरंगाबादला. दोन रात्री मुक्काम.

मी जायला नाही म्हटलं. घरी, शाळेत, सगळीकडे सांगितलं की चाचणी परीक्षा आहे, गणिताचा क्लास बुडेल. हुशार मुलीचं कारण, कोणी विचारलंही नाही. आमच्या घरून अजिबात अडवलं नव्हतं. वडील उलट म्हणाले होते, जाऊन ये. खरं कारण एवढंच की तिथे मी शेवटची आले असते आणि मला शेवटचं यायचं नव्हतं.

दुसरी मुलगी येत नाही म्हटल्यावर तिच्या घरी प्रश्न आला. एकटी पोर, सोबत सगळे पुरुष, दोन रात्री. आपले खेळाचे सर तिच्या घरी दोनदा गेले. मला अजून आठवतं, त्यांची सायकल तिच्या दाराशी उभी होती आणि मी ट्यूशनहून येताना तोंड फिरवून पलीकडच्या गल्लीने गेले. तिला पाठवलं नाही. ती पुन्हा कुठल्या मैदानावर पळाली नाही. अठराव्या वर्षी लग्न झालं.

मोठ्या जगातही असंच होतं हे मी नंतर वाचलं. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये बायका पहिल्यांदा आठशे मीटर पळाल्या. शर्यत संपल्यावर काही जणी दमून पडल्या म्हणून गहजब झाला, आणि १९६० पर्यंत ती शर्यतच बंद. बायकांची ऑलिंपिक मॅरेथॉन व्हायला १९८४ उजाडलं. तिथे कारण द्यायला डॉक्टर आणि अधिकारी होते. आमच्याकडे एक सोळा वर्षांची मुलगी पुरली, चाचणी परीक्षेचं निमित्त करणारी.

स्पर्धा झाल्यावर साताऱ्यात आम्ही एका कंदी पेढ्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसलो. गळ्यात मेडल, हातात पेढ्याचा पुडा. मी म्हटलं, तुला तीस वर्षांपूर्वीचं एक सांगायचंय. आणि सांगितलं.

ती म्हणाली, ‘मला माहीत होतं.’

‘काय माहीत होतं?’

‘परीक्षा-बिरीक्षा काही नव्हती ते. गणिताला तू कधी भ्यायलीस? तू पळायला भ्यायलीस.’

मी विचारलं, राग आला होता का?

‘आला होता की. लग्नाला बोलावलं नव्हतं तुला.’

मित्रमैत्रिणींनो, सत्तावीस वर्षं मी समजत होते की पत्रिका पोस्टात हरवली!

मग थोडा वेळ ती पेढा खात बसली. मी वाट बघत होते की ती म्हणेल, जाऊ दे गं, तेव्हा आपण लहान होतो. ती तसं म्हणाली नाही. म्हणाली, ‘तू आली असतीस तरी पुढच्या वर्षी आमच्या बापूंनी दुसरं काहीतरी काढलं असतं. ते काय मला पळू देत नव्हते. पण ती एक शर्यत तर पळून झाली असती.’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. परतीच्या बसमध्ये ती झोपली आणि मी आकडे बघत बसले. चढावर मी तिच्यापुढे अकरा मिनिटं होते.

आता कामाचं बोलते. आपण शाळेला तुकडीतर्फे वॉटर कूलर देणार आहोत, त्यावर आपली नावं असणार आहेत. द्यावा, मीही पैसे दिलेत. पण परवा मुख्याध्यापक बाईंना भेटले तेव्हा विचारलं की मुली पळतात का. म्हणाल्या, आठवीपर्यंत पळतात. पुढे काय होतं? बाहेरगावी जायची वेळ आली की कोण सोबत जाणार, तिथे अडतं. तीस वर्षांनीही तिथेच. रस्ते झाले, फोन आले, जिल्ह्याचं नाव बदललं. आपल्या धाराशिवच्या सारिका काळेने खो-खोत देशाचं कर्णधारपद केलं, २०२० ला अर्जुन पुरस्कार मिळवला. गेल्याच रविवारी, आपला दुकानदार सकाळी मुंबईत चिक्की खात होता त्याच दिवशी संध्याकाळी, दिल्लीत आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवून खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला. आणि आपल्या शाळेत अजून ‘सोबत कोण’ यावर मुलगी घरी बसते.

तर माझी सूचना अशी. दरवर्षी शाळेतली एखादी मुलगी जिल्ह्याबाहेर खेळायला निवडली गेली की तिच्या आणि सोबत जाणाऱ्या एका बाईच्या प्रवासाचा, राहण्याचा, जेवणाचा खर्च आपल्या तुकडीने करायचा. एकच मुलगी असेल तरी करायचा. मुलगी पहिली येवो नाहीतर शेवटची येवो. हिशेब मी ठेवीन, तेवढं मला जमतं. आणि सोबत कोण जाणार हा प्रश्न विचारायची गरज नाही. काल रात्री हे तिच्या कानावर घातलं तेव्हा ती म्हणाली, ‘मी जाईन. डबे दोन दिवस बंद ठेवीन, पोरं खातील बाहेर.’ उमरग्याच्या शेठनी बुटांचे दहा जोड कबूल केलेत. मी हे सगळ्यांसमोर बोलले आहे, आता त्यांना मागे फिरता येणार नाही.

माझं पळणं सध्या कसं चाललंय असं विचाराल तर ट्रेडमिल सोडली. रविवारी बाणेर टेकडीवर जाते, चढताना चालते आणि उतरताना पळते. लोक विचारतात, उलटं का? एचबीएवनसी ५.६ वर आली आहे, पण जेवणात दोनच गुलाबजाम घेणार आहे, कोणी आग्रह करू नका. तिच्याबद्दल सांगायचं तर तिला मी विचारलं, पुढच्या वर्षी साताऱ्याला काय, मजेत पळायचं ना? म्हणाली, ‘मजेत कशाला? दोन चाळीस करायचंय.’ घड्याळ घेणार आहे. कोणतं घ्यावं म्हणून मला विचारलं. मी जरा वाईटसं घड्याळ सुचवावं की काय, असा विचार माझ्या मनात येऊन गेला, हे कबूल करते.

उद्या सकाळी झेंडावंदन आहे. त्याआधी पावणेसहाला हातलाईच्या पायथ्याशी जमायचं. ज्यांना पळायचं ते पळतील, ज्यांना चालायचं ते चालतील, स्टेंटवाल्याने डॉक्टरांना विचारलंय, तो चालणार आहे. बूट नसले तर चपला चालतील. बाई, तुम्ही कृपा करून वर चढू नका, पण खाली खुर्ची टाकून ठेवू, तुम्ही शिट्टी घेऊन बसा. आपल्या खेळाच्या सरांची जुनी शिट्टी कार्यालयाच्या कपाटात सापडली आहे, वाजते अजून. उतरताना कोणी घाई करू नका. आणि ती पुढे गेली तर जाऊ द्या, तिला हाक मारू नका.